निव्वळ मिनिटं

आम्ही परभणीकडून चाकणला आलो तेव्हा मी आठवीत होते, आणि पुढच्या दोन वर्षांत माझ्या तीन शाळा झाल्या. वडील एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात तिथं, कंत्राटी कामगार. सात महिने काम झालं की कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे घरी बसवायची. मग दुसरी कंपनी, दुसरं गाव, दुसरी खोली. आई मार्केटला कांदा निवडायला जायची. तिच्या हाताचा वास आमच्या भाकरीला, अंथरुणाला, माझ्या दप्तराला यायचा. वर्गात मुली नाक मुरडायच्या, तेव्हा मी दप्तर पायाखाली घेऊन बसायचे.

खोली पत्र्याची. दुपारी आत बसवत नसे आणि बाहेर बसलं की ट्रकची धूळ वहीवर. मी पाण्याच्या ड्रमवर वही ठेवून लिहायचे. ड्रम भरलेला असला तर हलायचा नाही. पाणी संपत आलं की तो डुगडुगायला लागायचा आणि माझं अक्षर वाकडं व्हायचं. नववीच्या बाई म्हणाल्या, "तुझं अक्षर सोमवारी चांगलं असतं, शनिवारी का बिघडतं गं?" आमच्याकडे टँकर रविवारी यायचा. मी त्यांना सांगितलं नाही.

दहावीच्या वर्गाचं दार आमच्या घरात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. वडिलांचं जग सरळ होतं. आठ तास भरले की हजेरी, वर चार तास थांबलं की ओव्हरटाइम. जो जास्त थांबेल त्याला जास्त. मलाही ते तेच सांगायचे, "बसून राहा. उठू नको. बसणाऱ्याचं होतं."

अशा वेळी आम्ही काकांची, म्हणजे पुढे आमचे घरमालक झाले त्यांची, खोली बघायला गेलो.

चाकणपासून थोडं आत एक गाव. तिथं काकांची दुमजली बिल्डिंग, आठ खोल्या, वर स्वतःचं घर. इतर मालक विचारायचे, माणसं किती, डिपॉझिट कधी, मटण शिजवता का. काकांनी आमच्या सामानाकडेही पाहिलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही कितवीला?"

"आता दहावीला जाईल, मालक," वडील म्हणाले.

"रोज किती मिनिटं अभ्यास करती?"

"लई करते. चार-चार तास बसते."

"तास इचारलं न्हाईत, मिनिटं इचारली. आन बसल्याली न्हाई, निव्वळ."

वडील आईकडे बघायला लागले. आईनं मला कोपरानं ढोसलं, पण मलाही निव्वळ मिनिटं म्हणजे काय ते कळलं नव्हतं. काकांनी गळ्यातलं स्टॉपवॉच शर्टाच्या खिशातून काढलं. पिवळ्या नायलॉनच्या दोरीला अडकवलेलं होतं ते. मला पायरीवर बसवून हातात पुस्तक दिलं आणि म्हणाले, "वाच." दहा मिनिटांनी त्यांनी निकाल सांगितला, "दहातली सहा. दोन मिनिटं माज्याकडं बघण्यात गेली, एक केसात, एक त्या कुत्र्यात. सहा बी काय वाईट न्हाई. सामान आना."

काका कंपनीत टाइम स्टडीला होते. कामगार एक नट बसवायला किती सेकंद घेतो, वाकतो किती, वळतो किती, ते बघून लिहायचं, म्हणजे मग दिवसाला किती नट व्हायला पाहिजेत ते साहेब लोक ठरवणार. काका साहेब नव्हते. त्यांची जमीन कंपनीत गेली, बदल्यात नोकरी मिळाली, आणि सुरुवातीला ते साहेबाच्या मागं पाटी-कागद धरून उभे राहायचे. पुढे साहेबांनाच कंटाळा यायला लागला आणि घड्याळ काकांच्या हातात आलं. पंचवीस वर्षं राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी निरोप समारंभातली शाल नको म्हणून सांगितलं आणि ते स्टॉपवॉच मागून घेतलं.

मग ते आमच्यावर चालू झालं. पाण्याची टाकी भरायला किती, खालच्या वऱ्हाडी बाईंच्या भांड्यांना किती, गणपतीच्या आरतीला किती. एका लग्नात मंगलाष्टका संपल्यासंपल्या ते मोठ्यानं म्हणाले, "एकवीस मिनिटं. त्यातली बारा वाया." नवरदेवाचा मामा चिडला होता. घरात काकू भाकऱ्या थापायच्या आणि हे शेजारी उभे. "एका भाकरीला एक मिनिट चाळीस. मागल्या सालापरीस वाढलं."

"मग तुमीच थापा," काकू तव्याकडे बघतच म्हणायच्या, "म्हंजी उरल्याला टाइम मला द्या, मी घटकाभर पडते."

पण त्यांचा खरा जीव होता शिकणाऱ्या पोरांत. आठ खोल्यांत मिळून आम्ही सहा-सात जण होतो. पहाटे पाचला जिन्याखालचा दिवा लागायचा, पायऱ्यांवर आम्ही एकेक बसायचो आणि काका खुर्ची टाकून समोर. कंपनीच्या जुन्या कागदांच्या पाठीमागे ते लिहायचे: पेन शोधणे. खिडकीबाहेर बघणे. जांभई, आवाजासह. हे सगळं वजा करून जे उरेल ते निव्वळ. ते कडक होते, पण लबाड नव्हते. दर तासाला सात मिनिटं सवलत द्यायचे, पाणी पिणं, पाय मोकळे करणं यासाठी. "मानूस हाय, मशीन न्हाई," म्हणायचे. कंपनीनं कामगाराला पाच दिली होती. वरची दोन काकांची स्वतःची.

जिन्याच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर एक आलेख होता. आडवी रेघ मिनिटांची, उभी मार्कांची. राहून गेलेल्या प्रत्येक भाडेकरूच्या पोराचा एक ठिपका आणि सगळ्यांच्या मधून फुटपट्टीनं मारलेली एक सरळ रेघ. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ती रेघ दाखवली जायची. "बगा. जितकी मिनिटं तितकं मार्क. डोकंबिकं काय नसतंय. सगळ्यांची डोकी देवानं एकाच साच्यात काढल्यात."

हे ते इतक्या जोरानं का सांगतात ते मला एकदाच कळलं. मी भूमितीत अडले होते, रडत होते, माझं डोकंच चालत नाही म्हणत होते. काका खुर्ची ओढून जवळ आले. "मी मॅट्रिकला नापास झालो, ठावं हाय? आमची जनावरं हुती. त्या साली घरात आजारपण, मला येळच गावला न्हाई. येळ. समजलं? डोक्यानं न्हाई झालो मी नापास." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं आणि माझ्या रडण्याची चार मिनिटं वजा केली.

दहावीला मी चांगली पास झाले, बारावीलाही. माझे दोन्ही ठिपके रेघेवर बरोबर बसले. वडिलांनी पेढे आणले ते पहिल्यांदा काकांना. आमच्या घरात त्या रेघेवर देवासारखा विश्वास होता. का नसेल? आम्हाला तेच तर ठाऊक होतं, जास्त थांबेल त्याला जास्त.

एका माणसाचा ठिपका त्या कागदावर नव्हता. काकांच्या मुलाचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. पदवी कशीबशी झालेली, आणि तो सरकारी अधिकारी होण्याची स्पर्धा परीक्षा द्यायचा. "त्याची परीक्षा मोठी, तिचा कागद येगळा," काका म्हणायचे. तो कागद आम्ही कधी पाहिला नाही. दादाला पायरी नव्हती, वरच्या खोलीत टेबल-खुर्ची होती. रोजची निव्वळ साडेनऊ तासांची मिनिटं. बिल्डिंगमध्ये त्याच्याइतकी कुणाची नव्हती, आणि मी आल्यापासून तो दोनदा पूर्वपरीक्षेतच गळला होता.

वडील ब्रेकवर असले की काकांशी पायरीवर गप्पा मारायचे. एकदा म्हणाले, "मालक, खरं सांगू का? तुमच्यासारखा घड्याळवाला लाइनवर आला ना, की आमच्यात खोकल्याची साथ यायची. कुणाचा पाना पडायचा, कुणाला लघवी लागायची. घड्याळापुढं माणूस काम करत नाही, काम दाखवतो."

काका खूश होऊन हसले. "बाकीच्यांफुडं चालत आसंल, भाऊ. मी डोळ्यानं वळखायचो. बोट मुद्दाम हळू चाललंय का खरंच दमलंय, लांबून सांगायचो. पंचवीस सालात एक गडी मला फशिवू शकला न्हाई."

वर खिडकीत दादा पुस्तक घेऊन बसलेला होता. त्यानं ते ऐकलं असणार.

बारावीनंतर वडिलांचा ब्रेक लांबला आणि मी एका कंपनीत पॅकिंगला लागले. वायरिंगच्या क्लिपा, पन्नास-पन्नासच्या पिशव्या, पिशव्यांचे खोके. बी.ए.ला बाहेरून नाव घातलं. फर्स्ट शिफ्ट, वर ओव्हरटाइम, घरी येऊन स्वयंपाक आणि झोप. अभ्यासाला उरलं पहाटे पाच ते सहामधलं, आवराआवर सोडून. काकांनी आठवडाभर मोजलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"पन्नास. पोरी, पन्नास मिनिटांत कॉलेज हुतंय व्हय?" त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "हितं बग. तीस मार्क. पासाला पाच कमी पडत्यात. ओव्हरटाइम सोड."

"वडील घरी आहेत काका. कसा सोडू?"

शिसपेन्सिलीनं काकांनी रेघेच्या पार खालच्या टोकाला माझा ठिपका मांडून ठेवला, फिक्का. मला राग आला नाही. माझ्या मरणाची तारीख कळल्यासारखे ते माझ्याशी महिनाभर हळू बोलत होते.

त्याच दिवसांत एकदा काका पंप चालू करायला गेले असताना दादा खाली आला. माझ्या हातातलं अर्थशास्त्राचं पुस्तक घेतलं, चाळलं आणि म्हणाला, "तुला यातलं आठवतं?"

"बरंचसं. क्लिपा भरताना मनात घोळत राहतं."

"मला नाही आठवत." तो हसला. "मी पानं उलटतो फक्त. तीन मिनिटांना एक. लवकर उलटलं की बाबा 'वाचलं नाही' लिहितात, उशिरा उलटलं की 'झोप'. तीन मिनिटं बरोबर बसतात. दोन वर्षं झाली, एक ओळ आत गेलेली नाही."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? साडेनऊ तास बसून काहीच आत जात नाही, असं? त्यापेक्षा नापास झालेलं बरं. नापासाला पुढची तारीख असते." पंप चालू झाल्याचा आवाज आला आणि तो वर गेला.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. मला बासष्ट टक्के. त्याच आठवड्यात दादा पूर्वपरीक्षेत पुन्हा गळला. गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. आम्ही जेवत होतो आणि काका दारात आले. हातात भिंतीवरून काढलेला तो आलेख, गुंडाळी केलेला. मागं दादा.

आईनं घाईनं सतरंजी टाकली. काका बसले नाहीत. आलेख जमिनीवर पसरला, चारी टोकांना आमच्याच वाट्या ठेवल्या आणि माझा फिक्का ठिपका दाखवला. मग बोट सरळ वर नेलं, बासष्टपर्यंत. तिथं आजूबाजूला काहीच नव्हतं. रेघ खूप लांब उजवीकडे होती.

"ह्ये बसत न्हाई," ते म्हणाले. "म्या दोनदा मोजलं. कुटंतरी मिनिटं ऱ्हायल्यात. खरं सांग, पोरी. तू आनिक कुटं वाचत हुतीस?"

काका माझ्याकडे असे बघत होते की माझी मान खाली गेली. मी नाही म्हटलं असतं तर त्यांची रेघ गेली असती. रेघ गेली की मॅट्रिकच्या वर्षाची जनावरं आणि आजारपणही गेलं असतं. त्यांच्या खांद्यावरून दादा बघत होता. त्याचेही डोळे मागत होते, पण उलटं. त्यानं मान अगदी थोडी आडवी हलवली. नाही म्हण. पन्नासच म्हण. एकदा कुणीतरी बोलू दे.

पण खोटं का बोलले ते मला दयेवर ढकलायचं नाही. वडील ताटावरून माझ्याकडे बघत होते. ज्या घरात बारा तास उभं राहिल्याशिवाय काही मिळत नाही, त्या घरात मी पन्नास मिनिटांत पास झाले असं कोणत्या तोंडानं सांगू? तो मटका लागल्यासारखा निकाल झाला असता. मला कष्टाचं पाहिजे होतं. माझं बासष्ट मला घामाचं पाहिजे होतं.

"बसमध्ये वाचायचे काका," मी म्हणाले. "कंपनीच्या बसमध्ये. जाताना आणि येताना."

काकांचा चेहरा एकदम उजळला. "बस! आरं व्हय की! चौकातली ट्रॅफिक! दीड तास जाताना, दीड तास येताना!" ते गुडघ्यावर बसले, तिथंच आकडे मांडले, आणि माझा ठिपका रेघेवर नेऊन बसवला. "बग," मागं न बघताच ते दादाला म्हणाले, "पोरगी क्लिपा भरून वर एवढं करती. तुजं कमी पडतंय, बाबा. डोकं न्हाई कमी. मिनिटं."

वडिलांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी वर पाहिलं तेव्हा दारात दादा नव्हता.

सगळी चूक त्या एका वाक्यात. पुढच्या सोमवारपासून काकांनी दादाला बसचा पास काढून दिला. गाडीत डोकं जास्त चालतं असं त्यांनी ठरवून टाकलं, माझ्यावरूनच. चाकणहून निगडीला जायचं, स्टँडवर उतरायचं नाही, त्याच बसनं परत यायचं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. साडेनऊचे साडेतेरा तास झाले. पहिले आठ दिवस काका स्वतः शेजारच्या सीटवर घड्याळ घेऊन बसले. कंडक्टर त्यांना "टायमिंगवाले बाबा" म्हणायचा. बिल्डिंगमध्ये सगळे हसले. मीही हसले, हसायला हवं होतं म्हणून.

खरं तर बसमध्ये मी काय करायचे? झोपायचे. चढलं की काचेला डोकं, ते गेट येईपर्यंत. पुस्तक पिशवीत डब्याच्या खाली असायचं, वास लागलेलं.

एका संध्याकाळी चौकात आमची बस अडकली. अर्धा तास काही हललं नाही. कुणीतरी हॉर्न वाजवला, मी दचकून उठले. गालावर काचेच्या रबराचा वळ उठला होता, तोंड उघडं होतं. आणि समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, दुसऱ्या बसच्या खिडकीत दादा. मांडीवर पुस्तक उघडं. तो किती वेळ बघत होता कोण जाणे. मी झोपलेली होते हे त्याला दिसलं होतं, आणि त्याला दिसलंय हे मला.

मला वाटलं तो शिवी देईल. किंवा घरी जाऊन सांगेल. त्यानं फक्त मनगटावर बघितलं. मग पान उलटलं.

त्यानं कधीच सांगितलं नाही. मीही नाही. जिन्यात भेटलो तर तो बाजूला व्हायचा. मी दर वर्षी पास होत गेले, काका दर वर्षी माझा ठिपका बसच्या मिनिटांसकट मांडत गेले, आणि दादा दर वर्षी चाकण-निगडी-चाकण. माझं तिसरं वर्ष संपलं त्या वर्षी त्याची वयाची अट संपली. शेवटच्या परीक्षेतही तो पहिल्याच टप्प्यात गळला.

निकालाचा कागद आणि पेढे घेऊन मी वर गेले. काका गॅलरीत खुर्चीवर होते, मांडीवर आलेख, शिसपेन्सिल टोक करून ठेवलेली. माझीच वाट बघत होते. "किती?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. ते खाली वाकले.

"काका, बसमध्ये मी कधीच वाचलं नाही," मी म्हणाले. "झोपायचे. पहिल्या वर्षीपण आणि नंतरपण."

पेन्सिल कागदावर टेकलेली होती, तिथंच राहिली. "म्हंजे पन्नास?"

"पन्नासच."

आतल्या खोलीत दादा टेबलाशी बसलेला होता. त्यानं ऐकलं असेल. पान उलटल्याचा आवाज आला.

काकांनी त्या सरळ रेघेकडे पाहिलं. गळ्यातल्या घड्याळाला हात लावला, पण ते चालू केलं नाही, बंदही केलं नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग आमा दोघांना काय झालं हुतं, पोरी?"

मी पेढ्यांचा बॉक्स पुढे धरला. काकू पेढे घ्यायला बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि बॉक्स तसाच घेऊन आत गेल्या.

त्यानंतर जिन्याखालचा दिवा पहाटे लागला नाही. नव्या भाडेकरूंना काका, माणसं किती आणि डिपॉझिट कधी, एवढंच विचारायला लागले. काका वारले त्याला दीड वर्ष झालं. आता आम्ही मोशीला राहतो, परवा मी काकूंना भेटायला गेले होते. काकू म्हणाल्या, दादा अजून पाचला उठून टेबलाशी बसतो. परीक्षा कुठलीच उरलेली नाही, वय गेलं. पण बसतो. "पुस्तक उघडं असतंय. काय करतूय इचारलं तर म्हनतोय, बसलोय." वरून पान उलटल्याचा आवाज आला. मी नकळत मोजलं. तीन मिनिटांनी दुसरं.

मी बी.ए. झाले. फर्स्ट क्लास. आमच्या घरात पहिली. दिवसाला पन्नास मिनिटं.